शिडावरचा क्रूस

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास शिकवणारे बहुतेक जण १८१३ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. मी सुरुवात करतो ती दाभोळपासून, १५०८ पासून. विद्यार्थ्यांना ते रुचत नाही.

दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर. आज धोपाव्याची फेरीबोट जिथून सुटते, त्या वाशिष्ठीच्या मुखात दूरदूरची गलबतं नांगरत. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरुण मुलगा लॉरेन्सो मारला गेला. मारणारं आरमार इजिप्तचं आणि दीवचं. सूड मात्र उगवला गेला दाभोळवर. डिसेंबरअखेरीस आल्मेदाची जहाजं खाडीत शिरली. शिडांवर क्रूस होता. बायका, लेकरं, कुणालाही सोडलं नाही, आणि मग गाव पेटवून दिलं.

‘सर, ते पोर्तुगीज. आपला काय संबंध?’ हा प्रश्न वर्गात येतोच. संबंध आहे. ज्या प्रभूनं वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलं, त्याचंच नाव त्या माणसांच्या ओठी होतं. बाप्तिस्मा, प्रार्थना, उपासना, सगळं होतं. पोटचा मुलगा गेलेल्या बापाचा आक्रोश मला कळतो. पण ख्रिस्ती जगण्याची कसोटी लागते ती अशाच घडीला, आणि तिथे आल्मेदा ख्रिस्ताला सोडून गेला.

त्या कसोटीला उतरलेला माणूसही मला जवळच सापडतो. दाभोळ ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या करजगावला १८६१ साली ख्रिस्ती भजनांचे कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. स्वयंपाकपाणी वेगळं. टिळक मोठे तापट, तरी ‘ख्रिस्ती हो’ म्हणून त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनानं. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना मी दरवेळी त्या सोवळ्याच्या पाण्यापाशी थांबतो. धर्मासाठी आप्तस्वकीयांना मुकलेला माणूस स्वतःच्याच संसारात बायकोचं सोवळं राहू देतो, हे मला त्याच्या भजनांइतकंच मोठं वाटतं. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या घरात ती जागा आधीच झाली होती.

आमच्या मंडळ्यांतून टिळकांची भजनं आजही भरल्या गळ्यानं गायली जातात. तीच मंडळी भावाभावांत जमिनीच्या तुकड्यावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत, हेही मी पाहतो आणि मला त्याचं फार दुःख होतं. म्हणून सत्राअखेरीला मी निबंध मागत नाही. ज्याच्याशी बोलणं तुटलंय अशा एका माणसाच्या दारी जाऊन यायला सांगतो. काही जण जातात, काहींना जमत नाही. न जाणाऱ्याचे गुण मी कापत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो.