चाकांवरची उमेदवारी

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याने छत्तीस वर्षे पायांचा उपयोग मुख्यतः टेबलाखाली ठेवण्यापुरताच केला, त्या माणसाने एकसष्टाव्या वर्षी नातीच्या हट्टाखातर पायांस चाके बांधावी, हा प्रकार आमच्या वसाहतीतील मंडळींस विनोदाचा वाटला, आणि मलाही तो काहीसा तसाच वाटत होता. परंतु कचेरीत उमेदवार म्हणून प्रथम पाऊल टाकताना छाती जशी धडधडली होती, तशी ती पुन्हा एकदा धडधडावी, असा चोरटा लोभही त्यात होता. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत आपल्या स्त्री-पुरुष दोन्ही संघांनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटरच्या रिलेत कांस्यपदके मिळवली, तेव्हापासून आमच्या घरात या विद्येचा अंमल सुरू आहे.

शिरस्त्राण, कोपरांची, मनगटांची आणि गुडघ्यांची कवचे, असा सारा सरंजाम चढवून मी उभा राहिलो, आणि भूमी व माझी पावले यांच्यामधील साठ वर्षांची वहिवाट तत्क्षणी संपुष्टात आली. चालताना आपण जमीन मागे रेटतो म्हणून पुढे जातो, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की तिची नोंद मनाच्या कोणत्याही दप्तरी सापडत नाही. चाकांवर उभे राहून पायाला तोच हुकूम द्यावा, तर पाय निमूटपणे मागे घरंगळतो आणि देह जागच्या जागी, किंवा त्याहून थोडा खाली, राहतो. चाक आपल्या दिशेने मोकळे असते. आडवे मात्र ते सहसा सरकत नाही. म्हणून टाचा जवळ आणि चवडे बाहेर अशी बदकाची ठेवण करून रेटा बाजूला द्यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यात पुढे जावयाचे. सरळ जाण्यासाठी कधी कधी आडून प्रयत्न करावा लागतो, हे कचेरीतील अर्जदारांना माझ्या कितीतरी आधी उमगले होते.

पहिल्या दोन संध्याकाळी मी केवळ पडण्यास शिकलो. भय वाटताच देह मागे रेलतो, आणि मागे रेललेल्याच्या पायांखालून चाके पुढे निसटतात. यास्तव गुडघे वाकवून देहाचा भार किंचित पुढे ठेवावा, आणि पडणे अटळच झाले तर कवचांच्या भरवशावर पुढे पडावे. कंबरेला कवच नसते, हे ज्ञान मात्र मी स्वतंत्रपणे संपादन केले.

‘‘आबा, खाली बघू नका. जमीन आहे तिथेच आहे,’’ नात म्हणाली.

या दिवसांत मला मर्लिनची वारंवार आठवण होई. जॉन जोसेफ मर्लिन हा लंडनमध्ये स्थायिक झालेला, बेल्जममधील हुई गावचा यंत्रकुशल कारागीर; घड्याळे, वाद्ये, यंत्राने हलणाऱ्या बाहुल्या, सारे त्याच्या हाताखालून गेलेले. अठराव्या शतकातील सोहो चौकामधल्या एका मुखवट्यांच्या मेजवानीत तो चाकांच्या बुटांवर व्हायोलिन वाजवीत अवतरला, आणि वळणे व थांबणे या दोहोंची तजवीज नसल्यामुळे पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर जाऊन आदळला, असा किस्सा सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले, स्वतःही जबर जखमी झाला. इतक्या बुद्धिमान माणसाला वेगाची हौस आधी सुचावी आणि थांबण्याची फिकीर नंतरही सुचू नये, याचे मला नवल वाटत नाही; आमच्या अंगणात आरसा नव्हता, एवढाच काय तो भेद.

थांबणे मला, आश्चर्य असे, लवकर साधले. उजव्या बुटाच्या टाचेमागे रबराचा ठोकळा असतो. तो पाय पुढे सरकवून चवडा उचलावा आणि अदृश्य खुर्चीवर बसल्याप्रमाणे खाली वाकावे. खुर्चीवर बसण्याचा माझा अनुभव दांडगा.

वळणे राहिले होते. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये चाकांच्या दोन जोड्यांवर रबराची गादी बसवून ज्या बाजूला पाऊल कलेल त्या बाजूला बूट वळेल अशी युक्ती काढली, आणि आज एका रांगेतील चाकांवरही कलणे हेच वळणे आहे. परंतु कलणे म्हणजे पडण्याचा आरंभ, अशी सहा दशकांची समजूत असलेल्या देहाला हे पटवावे कसे? काल संध्याकाळी नात पुढून आली, माझ्या दोन्ही हातांची बोटे धरली आणि स्वतः उलटी सरकू लागली. पारिजातकापाशी येताच ती डावीकडे झुकली. माझाही खांदा तिच्यामागोमाग झुकला, आणि झाड एका बाजूने हळूच मागे गेले.

‘‘आता हात सोडते,’’ ती म्हणाली.