बाकामागे उभं राहताना

बर्फावर कोचला जागा नसते. सरावाच्या वेळी आम्ही स्केट्स घालून मुलांत फिरतो, शिट्टी वाजवतो, एखाद्याच्या स्टिकला स्टिक लावून दाखवतो. सामना सुरू झाला की साधे बूट घालून खेळाडूंच्या बाकामागे रबराच्या अरुंद पट्टीवर उभं राहायचं. समोर हेल्मेटांची रांग, ओल्या हातमोज्यांचा वास आणि बर्फाकडे उघडणारी दोन छोटी दारं. जो आयुष्यभर त्या दारातून आत गेला, त्याला एक दिवस दाराच्या या बाजूला थांबावं लागतं. खेळाडूचा कोच होतो म्हणजे त्याच्या हातातून काय जातं, हे या पट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मी कॅनडात, मिसिसागात, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या आइस हॉकी संघाचा कोच आहे. काम स्वयंसेवेचं, पोटासाठी वेगळी नोकरी. लहानपणी आईबाबांबरोबर डोंबिवलीहून इथे आलो, बरोबरीच्या पोरांपेक्षा उशिरा स्केट्स बांधले आणि शाळेच्या संघात सेंटर म्हणून खेळलो. त्यापुढे जाण्याइतका वेग पायांत नव्हता. आमच्या घरी हॉकीच्या बॅगेला गॅरेजच्या आत प्रवेश नव्हता, आणि ती बॅग ज्यांनी हुंगली आहे ते आईला दोष देणार नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका मुलाचे आजोबा नाशिकहून आले होते. सामना संपल्यावर त्यांनी मला गाठलं. ‘‘अहो कोच, आमचा नातू आत गेला आणि मिनिटभरात परत येऊन बसला. काही चुकलं का त्याचं?’’ मी सांगितलं, काही नाही, शिफ्ट संपली. एका वेळी बर्फावर पाच जण आणि गोलकीपर. पूर्ण ताकदीने स्केटिंग करायचं तर पाऊण मिनिटात पाय भरून येतात, म्हणून खेळ न थांबवता माणसं बदलायची. जुना बाकाशी आला की नवा फळीवरून उडी मारतो. हिशेब चुकून सहावा खेळात शिरला तर दोन मिनिटांची शिक्षा. आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे खो-खोच की. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही.’’ इतकी नेमकी समजूत मला इथल्या पालकांकडूनही क्वचित ऐकायला मिळते.

तो खो देणं हेच सामन्यातलं कोचचं काम. यजमान संघाला खेळ थांबलेला असताना शेवटची अदलाबदल करण्याचा हक्क असतो, म्हणजे समोरच्याने कोण पाठवलं ते पाहून मग आपला माणूस पाठवायचा. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात आणि आपला गोल आपल्या बाकापासून लांब पडतो. दमलेले पाच जण बचावात अडकले तर बाकापर्यंत पोचूच शकत नाहीत. त्या सत्रात मी घड्याळापेक्षा मुलांच्या गुडघ्यांकडे बघतो. गुडघे सरळ व्हायला लागले की पोरगं संपलं.

माजी खेळाडू कोच झाला की लोक म्हणतात, त्याला खेळ कळतो. खेळ आता टॅबलेटलाही कळतो. प्रत्येक शिफ्टचं चित्रण बाकावर लगेच पाहता येतं आणि व्यावसायिक संघांत त्यासाठी वेगळा व्हिडिओ कोच असतो. माजी खेळाडू बरोबर आणतो ती बाकावर बसल्याची आठवण. शिफ्ट करून आलेल्या माणसाला पहिलं अर्धं मिनिट काही ऐकू येत नाही, कानांत रक्त धडधडत असतं. त्या वेळी ओरडणारा कोच स्वतःसाठीच ओरडत असतो. श्वास जागेवर येणं आणि पुढची शिफ्ट यांच्यामध्ये जेमतेम एक वाक्य बसतं. ते कुठलं, हे निवडण्यातच सगळं कसब आहे.

हॉकीतला सगळ्यात थोर मानला गेलेला खेळाडू वेन ग्रेट्झकी एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, फीनिक्सचा कोच झाला. २००५ ते २००९ असे चार मोसम, आणि संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही. थोर खेळाडू चांगला कोच होत नाही, असं तेव्हापासून पानटपरीवरच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानांतल्या, पंडितांचं ठाम मत. मला ते पटत नाही. टो ब्लेक थोर खेळाडूच होता. १९४८ साली पाय मोडून त्याचं एनएचएलमधलं खेळणं संपलं, आणि पुढे मॉन्ट्रियलचा कोच म्हणून तेरा मोसमांत त्याने लीगचा स्टॅन्ली कप आठ वेळा जिंकला. तेव्हा थोरवी आडवी येत नसावी. प्रश्न आहे तो, दुसऱ्याच्या निर्णयावर आपलं खेळणं अवलंबून असणं किती जणांनी अंगावर काढलेलं असतं, हा.

म्हणून मला मॅनी मल्होत्राची कारकीर्द इतर मोठ्या नावांपेक्षा जास्त अभ्यासावीशी वाटते. तो इथलाच, मिसिसागात १९८० साली जन्मलेला; वडील भारतीय, आई क्वेबेकची. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर निवडलेल्या पोराकडून गोलांची अपेक्षा असते. ते गोल तितकेसे झाले नाहीत. डॅलस, कोलंबस, सॅन होजे असं फिरत फिरत त्याने स्वतःसाठी दुसरंच काम शोधलं. फेसऑफ जिंकायचा, प्रतिस्पर्ध्याच्या तगड्या फळीला अडवायचं, आपला एक माणूस शिक्षेवर असताना गोल होऊ द्यायचा नाही. एनएचएलमध्ये तो ९९१ सामने खेळला. हजारापासून नऊ कमी. माझ्यासारख्याला हा आकडा उगाच बोचतो.

फेसऑफ बाहेरून फार किरकोळ दिसतो. दोन सेंटर समोरासमोर वाकतात, पंच मध्ये पक, म्हणजे रबराची चकती, टाकतो, स्टिका खटकतात, झालं. पण आत वाकून पाहिलं तर तिथे चार-पाच गोष्टी एकाच वेळी चालू असतात. खालचा हात स्टिकवर किती खाली, पंज्याची पकड सरळ की उलटी, वजन कुठल्या पायावर, समोरचा डावखुरा की उजवा, आणि पक मिळाला तर तो ज्याच्याकडे ओढायचा तो डिफेन्समन नेमका कुठे उभा आहे. नजर समोरच्याच्या डोळ्यांत अडकली की संपलं. ती पंचाच्या हातावर हवी. आणि सेंटर हरला तरी विंगरने झटकन आत येऊन सुटा पक उचलला तर जिंकल्याची नोंद सेंटरच्याच नावावर होते, हेही कुणी बोलून दाखवत नाही. २०१०-११ च्या मोसमात व्हँकुव्हरसाठी मल्होत्राने ६१.७ टक्के फेसऑफ जिंकले. पन्नासच्या वर दोन-तीन टक्के असला तरी सेंटर चांगला मानतात.

त्या मोसमात व्हँकुव्हरचा कोच अलां व्हिन्यो याने एक हिशेब मांडला होता. फेसऑफ आपल्या गोलाशेजारी असेल तर मल्होत्रा, समोरच्यांच्या गोलाशेजारी असेल तर सेडीन जुळे भाऊ. घाण काढायला एक आणि गोल करायला दुसरे, असा हा सरळ व्यवहार. डॅनियल सेडीन त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. व्हँकुव्हर साखळी फेरीत सगळ्यांच्या वर राहिलं. मल्होत्राच्या नावावर गोल मोजकेच, पण ते जुळे जिथून सुरुवात करत ती जागा त्यांना मिळे, त्याचं कारण बरंचसं हा माणूस होता. कोचची युक्ती स्वतःच्या अंगाने खेळणं, ही कोच होण्याची याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही.

१६ मार्च २०११ ला कोलोरॅडोविरुद्ध पक त्याच्या डाव्या डोळ्यावर आदळला. शस्त्रक्रिया झाल्या, पण त्या डोळ्याची दृष्टी बरीचशी गेली ती गेलीच. पंचाच्या हातातून पक सुटतानाचा क्षण टिपणं ज्याचं काम, त्याचा डोळा जावा! तरी जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात तो पूर्ण चेहरा झाकणारं कवच लावून उतरला आणि अख्खं प्रेक्षागृह उभं राहिलं. व्हँकुव्हर ती अंतिम फेरी सातव्या सामन्यात बोस्टनकडून हरलं. २०१३ मध्ये क्लबच्या व्यवस्थापनाने, त्याच्या सुरक्षिततेचं कारण देऊन, उरलेल्या मोसमासाठी त्याला खेळण्यापासून थांबवलं. तो खेळत राहायला तयार होता. निर्णय दुसऱ्यांनी घेतला. त्यानंतर तो शार्लटच्या दुय्यम संघात चाचणी करारावर गेला, तिथून पुन्हा वर आला आणि कॅरोलिना आणि मॉन्ट्रियलसाठी खेळला.

मग कोचिंग. आधी व्हँकुव्हरमध्ये, पुढे टोरंटोमध्ये साहाय्यक. २०२४ मध्ये ॲबट्सफर्डचा मुख्य कोच. हा व्हँकुव्हरचा दुय्यम संघ, अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळणारा. असा संघ चालवणं हे माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, कारण बाकावरच्या प्रत्येकाला दुसरीकडे असायचं असतं. पोरगं चांगलं खेळलं की वरून फोन येतो आणि ते संध्याकाळच्या विमानात बसतं. राहतो तो ज्याला फोन आलेला नाही. त्याला आज रात्री पुन्हा आपल्या गोलाशेजारी फेसऑफला पाठवायचं, आणि हे काम खरंच महत्त्वाचं आहे हे त्याला पटेल असं सांगायचं. सेडीनच्या तोंडून ते वाक्य पोकळ वाटेल. मल्होत्राच्या तोंडून ते ऐकताना पोराला ९९१ सामने दिसतात.

मुख्य कोच म्हणून पहिल्याच मोसमात, जून २०२५ मध्ये, ॲबट्सफर्डने त्या लीगचा काल्डर कप जिंकला. अंतिम फेरीत हरलेला संघ शार्लट. संघात जवळच्याच सरे शहरातला पंजाबी पोरगा अर्शदीप बेन्स होता. ब्रिटिश कोलंबियाचा हा भाग जुन्या पंजाबी वस्तीचा. ॲबट्सफर्डचा गुरुद्वारा १९११ पासूनचा. हॉकीचं पंजाबी समालोचनही कॅनडात २००८ मध्ये सुरू झालं. मराठीत ते नाही, म्हणून मी घरी टीव्हीसमोर स्वतःच करतो आणि बायको आवाज कमी करायला सांगते, माझा.

आमच्या संघात एक सेंटर आहे. गोल करत नाही, पण खाली वाकायला कंटाळत नाही. मी त्याला आमच्याच गोलाशेजारचे फेसऑफ देऊ लागलो. पालकांनी चोवीस तास थांबून मगच तक्रार करायची, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याचे वडील बरोबर चोवीस तासांनी आले. मुलाला पुढे खेळायला का मिळत नाही, त्याला मागेच का डांबता? मी म्हटलं, या वयात कुणालाच डांबत नाही, सरावात सगळे सगळीकडे खेळतात. पण शेवटच्या मिनिटाला एका गोलाची आघाडी असेल तर मी बाकावर पहिलं नाव याचं घेतो, आणि हे त्याला ठाऊक आहे. घरी त्याला विचारून बघा. वडिलांचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. माझं तरी कुठे पूर्ण झालंय. बारा वर्षांच्या पोराला एक काम चिकटवावं का, यावर मी अजून स्वतःशी भांडतो. म्हणून पुढच्या महिन्यात त्याला विंगवर पाठवणार आहे, त्यात दोन-चार सामने गेले तरी चालतील.

परवाच्या सामन्यात तशीच वेळ आली. एका गोलाची आघाडी, शेवटचं मिनिट, फेसऑफ आमच्या गोलाच्या डावीकडे. मी त्याचा नंबर पुकारला. तो फेसऑफ हरला. विंगरने आत घुसून पक काचेवर आपटून बाहेर काढला आणि आम्ही कसेबसे सुटलो. पोरगं येऊन बसलं, खांदे वरखाली. मी थांबलो. साहाय्यक कोचने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्याला हाताने थोपवलं. श्वास शांत झाल्यावर मी वाकून म्हटलं, ‘‘खालचा हात आणखी खाली.’’

‘‘माहितीये, कोच,’’ तो म्हणाला आणि पाण्याची बाटली मागितली.