चार मासिकं बंद करण्याआधी

थोडं मोठं लिहितेय. विषय आपल्या गावच्या वाचनालयाचा आहे, पण सुरुवात जरा लांबून करते. शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

1934 साली मुंबईच्या कोर्टात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिकाचं नाव 'समाजस्वास्थ्य'. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा गुन्हा काय, तर वाचकांनी लैंगिक बाबींबद्दल पत्रातून जे प्रश्न विचारले, त्यांची सरळ उत्तरं छापली. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं. लोकांना अडचण आहे म्हणून ते विचारतात. प्रश्न कुणाला विकृत वाटत असेल तर ती विकृती ज्ञानानेच जाईल, गप्प बसून जाणार नाही. कोर्टाला ते पटलं नाही. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्याआधी 1931 मध्येही एकदा झालेला होताच.

आता या माणसाचा हिशेब बघा. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. 15 जुलै 1927 ला 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक निघाला आणि 1953 मध्ये कर्वे वारले तोपर्यंत अंक निघत राहिला. लेख लिहायचे, पत्रांना उत्तरं द्यायची, मुद्रितं तपासायची, पैशांची जुळवाजुळव करायची, बहुतेक सगळा भार एकाच माणसावर. मासिकातली 'शारदेची पत्रे' लिहिणारी शारदा म्हणजेसुद्धा कर्वेच! पाठीशी कुठली संस्था नाही, पक्ष नाही, शेठ नाही. पत्नी मालतीबाईंची साथ आणि वर्गणीदार, एवढंच भांडवल.

यातून मान्यता काय मिळाली? हयातीत जवळजवळ काहीच नाही. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम केला, पुढच्याच वर्षी कर्वे गेले. 1958 मध्ये वडिलांना भारतरत्न मिळालं, ते योग्यच होतं. संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य घातलेल्या आणि 'समाजस्वास्थ्य'त लिहिणाऱ्या शकुंतलाबाई परांजपे यांना पद्मभूषण मिळालं 1991 मध्ये. कर्व्यांवर अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट आला 2001 मध्ये, आणि त्यांच्या खटल्यांवरचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक, अजित दळवींनी लिहिलेलं आणि अतुल पेठेंनी बसवलेलं, 2017 मध्ये. म्हणजे पहिला अंक आणि हे नाटक यात 90 वर्षांचं अंतर. नाटकाला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी 1927 मध्ये त्या मासिकाची वर्गणी भरली असती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर द्यायची घाई केली नाही.

हे सगळं आठवायचं कारण आता सांगते.

गेल्या महिन्यात आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. मी सदस्य आहे. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता, वाचनालयात येणारी चार वैचारिक नियतकालिकं बंद करणे. देवघेवीच्या रजिस्टरवर वर्षभरात या चारांपैकी कुठलाच अंक फारसा घरी गेलेला नाही. त्यांच्या जागी स्पर्धा परीक्षांची मासिकं घ्यावीत, म्हणजे अनुदानासाठी लागणारी नियतकालिकांची संख्याही भरेल. चर्चा पाच मिनिटं. एका सदस्यांनी विचारलं, "मॅडम, या मासिकांना मान्यता काय आहे? ह्यांचं नाव तरी कुणी ऐकलंय का?" लोक हसले. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. ती बैठक येत्या रविवारी आहे.

प्रश्न विचारणारे सज्जन आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. स्पर्धा परीक्षांची मासिकंही हवीतच. सकाळी साडेसहाला येऊन बसणारी पोरं मी रोज बघते. पण 'मान्यता काय' हा शब्द डोक्यातून जाईना.

माझा अनुभव सांगते. 1995 च्या सुमारास मी शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई आमच्याच घरात, आम्हीच घातलेल्या हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरात बसून राहायची. कुणी तिला बस म्हणालं नव्हतं. बाहेर ये, असंही कुणी म्हणालं नव्हतं. मी एका मासिकाला पत्र लिहिलं, पोस्टकार्डावर मावेल एवढंच. बाईचा मान तिच्या नवऱ्याच्या श्वासाला बांधलेला असतो का, असा काहीतरी प्रश्न होता. मासिक लहानसं, कागद पिवळट, चार-पाच लोक मिळून चालवायचे. पत्र छापून आलं.

पुढच्या अंकात त्यावर तीन पत्रं आली. एक चंद्रपूरहून, एक बार्शीहून, एक पणजीहून. तिन्ही बायकांची. दोघींनी आपापली हकीकत लिहिली होती. बार्शीच्या बाईंनी मात्र मला झापलं होतं. रीत मोडायची तर आधी स्वतःच्या सासरी मोडून दाखवा, मग लिहा!

तो अंक मी आईला वाचायला दिला. चष्मा लावून तिने तिन्ही पत्रं वाचली, मग पुन्हा वाचली. म्हणाली, "चंद्रपूरलापण असंच असतं होय?" थोड्या वेळाने म्हणाली, "त्या बार्शीच्या बाईला उत्तर लिही. मी सांगते तसं लिही." सातवी शिकलेल्या माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा छापून येईल असं काहीतरी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तेही छापलं, तिच्या नावाने. त्यानंतर एका दिवसात क्रांती वगैरे झाली नाही. पण पुढच्या संक्रांतीला ती माजघरात बसली नाही. बायकांना तिळगूळ तिने वाटला.

म्हणून मला वाटतं, मासिकाला मान्यता काय, हे विचारायच्या आधी मासिकाने कुणाला मान्यता दिली ते बघावं. कर्व्यांना पत्र लिहिणारा माणूस हेच शोधत होता. आपला प्रश्न घाणेरडा नाही, तो दुसऱ्यालाही पडतो, त्याला छापील उत्तर मिळू शकतं, एवढं त्याला कळायला हवं होतं. माझ्या आईलाही तेच हवं होतं. मोठ्या वर्तमानपत्राला हे काम नेहमी जमत नाही. त्याला सगळ्यांना धरून राहायचं असतं, जाहिरातदार सांभाळायचे असतात.

याचं सगळ्यात झोंबणारं उदाहरण 1920 चं आहे. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याची जाहिरात पैसे मोजून द्यायची तयारी असताना 'केसरी'ने छापली नाही. लेख छापला नाही असं नाही हं, पैसे देऊनही जाहिरात छापली नाही. ज्यांचा आवाजच कुणाच्या पानावर येणार नव्हता, त्यांनी स्वतःचं पान काढलं. पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं, तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहून काढावे लागायचे. दोन्ही पत्रं पैशाअभावी फार वर्षं टिकली नाहीत. 2020 मध्ये 'मूकनायक'ची शताब्दी सगळीकडे साजरी झाली. समारंभ झाले, विशेषांक निघाले. ज्या वर्षी वर्गणी हवी होती त्या वर्षी ती पुरेशी आली नाही, आणि शंभर वर्षांनी हार मात्र भरपूर आले.

आपली सवयच आहे ही. माणूस, मासिक, चळवळ, काहीही असो, जिवंत असताना आपण विचारतो मान्यता काय, आणि बंद पडलं की म्हणतो फार मोठं काम होतं हो.

ही मासिकं निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. काहींची भाषा इतकी जड असते की एक वाक्य संपेपर्यंत चहा थंड होतो. तेच ते लेखक असतात. पुण्या-मुंबईबाहेरचं जग कधीकधी फक्त दुष्काळाच्या लेखात दिसतं. तरुण मुलांना वाचावंसं वाटेल असं काही करायला ती फार उशीर करतात. हे सगळं मी त्यांना पत्रातून कळवते, आणि ते छापतात. आपल्यावरची टीका आपल्याच पानावर छापणारी जागा आज शोधून दाखवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतभेद झाला की अ‍ॅडमिन काढून टाकतो, ते आपण सगळे बघतोच.

आता रजिस्टरचं. रजिस्टरवर नोंद होते ती घरी नेलेल्या अंकाची. मुक्तद्वार विभागात बाकावर बसून जो वाचतो त्याची नोंद कुठेच नसते. गेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी तासभर तिथे बसतेय. चारही अंकांच्या पानांना वाचल्याच्या खुणा आहेत. कुणीतरी शेतीमालाच्या भावावरच्या लेखात पेन्सिलने आकडे तपासलेत आणि समासात लिहिलंय 'चूक'. हा वाचक कोण ते मला माहीत नाही, पण अंक बंद झाला तर तो तक्रार करायला येणार नाही. तो नुसता यायचा बंद होईल.

आणि पैशाचं म्हणाल, तर चारही नियतकालिकांची वर्षाची वर्गणी मिळून जेवढी होते, त्याहून जास्त खर्च आपण वर्धापनदिनाला शाल, श्रीफळ आणि फ्लेक्सवर केलाय. हिशेब मी बैठकीत ठेवणार आहे, इथे आकडे टाकत नाही.

अशा मासिकाचं स्वातंत्र्य शेवटी या छोट्या रकमांवर उभं असतं. एकाच मोठ्या देणगीदारावर चालणाऱ्या मासिकाला त्या एकाची मर्जी बघावी लागते. हजार वर्गणीदारांवर चालणाऱ्याला कुणा एकाची बघावी लागत नाही, त्यातले पन्नास रागावून गेले तरी अंक निघतो. आपल्या वाचनालयाची वर्गणी त्या हजारातली एक आहे. पुरस्कार मिळाला तर त्यांना आनंदच होईल, पण पुरस्काराने पुढच्या महिन्याचा कागद येत नाही.

रविवारी मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, चारही अंक चालू ठेवावेत आणि स्पर्धा परीक्षांची दोन मासिकं वाढवावीत, पैसे वर्धापनदिनाच्या खर्चातून काढावेत. दोन, मुक्तद्वार विभागात साधी वही ठेवावी, वाचणाऱ्याने नाव नको, फक्त काय वाचलं ते लिहावं. तीन, महिन्यातून एकदा एखादा लेख मोठ्याने वाचून त्यावर तासभर बोलावं. पटलं नाही तर भांडावं, चहा माझ्याकडून.

सभासद असाल तर आपापल्या ओळखीच्या कार्यकारिणी सदस्यांशी रविवारच्या आत बोला. माझं पटत नसेल तर तसंही सांगा, खाली सविस्तर लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देईन. आणि जमलं तर यातल्या एका, कुठल्याही एका मासिकाची वर्षाची वर्गणी स्वतःच्या नावावर भरा. अंक घरी आला की आधी वाचकांच्या पत्रांचं पान उघडा.