फेणी: नाव एक, झाडे दोन

१/ फेणी म्हटली की डोळ्यांसमोर काजूचे लालपिवळे बोंडू येतात. गोव्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत असते तीही बहुधा काजूचीच. पण गोमंतकातल्या भट्टीवर पहिला मान काजूचा नव्हता. तो माडाचा होता.

२/ गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात माडाची सूर, म्हणजे आपली माडी, आहे. ती गाळून केलेली दारूही आहे. काजू मात्र नाही. १५७८ सालच्या क्रिस्तोव्हाँ द कोस्ताच्या ग्रंथात तो कोचीच्या बागांत भेटतो. मौनावरून निष्कर्ष जपून काढावा हे खरे. पण ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणलेले हे झाड ऑर्ताच्या काळी गोव्यात रुळलेले नसावे, एवढे म्हणता येते.

३/ शब्दही बोलके आहेत. ‘उर्राक’ हा अरबी ‘अरक’चा वंशज, मूळ अर्थ घाम. भांड्याच्या नळीतून थेंब थेंब निथळणारी दारू पाहिली की ही उपमा पटते. ‘फेणी’चे नाते ‘फेणा’शी, म्हणजे फेसाशी, जोडले जाते.

४/ काजूचा बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप गळलेलाच वेचतात. तो तुडवून रस काढायचा, काही दिवस आंबवायचा आणि गाळायचा. पहिल्या गाळपाची ती सौम्य उर्राक. ती आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळली की फेणी. तिच्यात मद्यार्क सुमारे ४० ते ४५ टक्के.

५/ उर्राक मार्च ते मे या दिवसांतच प्यावी. ती साठवणीची नव्हे, हंगामाची. बर्फ, लिंबू-सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची एवढा सरंजाम पुरतो.

६/ फेणीची घाई करू नये. तिच्या उग्र वासाला नाके मुरडणारे पुष्कळ. पण पेला थोडा वेळ तसाच ठेवला की त्या वासाखालचे पिकलेले फळ जाणवू लागते. आधी दोन लहान घोट निखळ घ्यावेत, मग हवा तर सोडा. गोड शीतपेयात बुडवलेली फेणी ही फेणी उरत नाही.

७/ माडाची फेणी त्याहून मऊ. बर्फाचा एक खडा किंवा थोडे पाणी, बस्स. पण ती मिळते कुठे? २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते काजूच्या फेणीला. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. प्रतिष्ठा आली, तरी थोरली बहीण मागेच राहिली.

८/ कारण भट्टीत नाही, माडावर आहे. सूर काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो, पोय तासतो, मडके उतरवतो. या जोखमीच्या कामाकडे नवी पिढी सहसा वळत नाही. बोंडू जमिनीवरून वेचता येतो. सुरेला मात्र माणूस वर चढावा लागतो.

९/ म्हणून फेणीच्या रसिकाने दुकानात एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘माडाची आहे का?’ मागणी राहिली तरच रेंदेराला माडावर चढण्याचे कारण उरेल.