स्लोन टोळीचा डेक

‘डूमटाउन’मध्ये माणसं मारून थेट जिंकता येत नाही. पत्त्यांवरची पिस्तुलं पाहून उलटंच वाटतं, म्हणून आधी सांगितलं. १९९८ साली आलेला आणि २०१४मध्ये ‘रीलोडेड’ म्हणून परतलेला हा खेळ गोमोरा नावाच्या काल्पनिक कॅलिफोर्नियन गावात घडतो. दिवस मावळताना तुमचा गावावरचा ताबा समोरच्याच्या वजनापेक्षा जास्त भरला की तुम्ही जिंकलात. हे वजन त्याच्या माणसांचं. माणूस पडला की वजन उतरतं, गोळीबार त्यासाठी.

माझी धाकटी बहीण शेरीफची बाजू घेते आणि निवांत गाव वसवत बसते. मी ऑफिसात वर्षानुवर्षं ‘बघू या’ म्हणत आलेला माणूस. निदान टेबलावर तरी दार ठोठावत न बसणारी टोळी हवी होती. म्हणून स्लोन गँग.

प्रत्येक पानाला कामाखेरीज आकडा आणि रंग असतो: माणसं इस्पिक, जागा चौकट, घोडे-बंदुका बदाम, डावपेच किलवर. गोळीबाराचा निकाल पोकरच्या हातावर लागतो. एका आकड्याची एका रंगातली जास्तीत जास्त ४ पानं, म्हणजे चार रंग मिळून १६. डेक ५२ पानांचा, जोकर वेगळे. सुरुवातीची ५ माणसं थेट टेबलावर उतरतात, त्यामुळे त्यांचे आकडे भलतेच असले तरी बिघडत नाही. उरलेली ४७ पानं तीनच आकड्यांत बसवता येतात. मग कुठलीही पाच उचला, दोन जोड्यांहून वाईट हात येतच नाही.

आक्रमक डेकचा सगळा जोर इथे आहे आणि त्याची किंमतही इथेच. एक तर उत्तम बंदूक केवळ आकडा जुळत नाही म्हणून घरी ठेवायची आणि सुमार डावपेच आकड्याखातर घ्यायचे. दुसरं, रोज सकाळी सगळे एकेक घोस्ट रॉक लावतात आणि सर्वांत वाईट हात तो गल्ला नेतो. माझा हात वाईट येणार कसा?

“दादा, तू पहाटेच कंगाल होतोस,” ती पैसे ओढत म्हणते.

त्यात सरळ उचललेल्या पाच पानांत साधारण निम्म्या वेळा एकच आकडा-रंग दोनदा निघतो. ती चीटिंग. तिच्याकडे योग्य पान असलं की शिक्षा होते, आणि तिच्याकडे ते असतंच.

म्हणून टोळीत एक चांगला ‘स्टड’ नेमबाज लागतो. त्याच्यामुळे जादा पानं मिळतात आणि त्यांतून सभ्य हात निवडता येतो. (ज्या टोळीला सभ्य दिसण्यासाठी सर्वांत मोठा गुंड लागतो, तिच्याविषयी मला ममत्व आहे.)

हरलात तर हातांच्या दर्जात जितका फरक, तितके बळी. माणूस टाकून दिला तर एक बळी फिटतो. तो डेक पिसला गेल्यावर पुन्हा येऊ शकतो. बूट हिलला, म्हणजे स्मशानात, पाठवला तर दोन फिटतात. पण मग तो गेलाच, आणि डेकमधून त्याचा आकडाही गेला.

परवा माझ्यावर दोन बळींचं देणं होतं. अंगणात दोघंच होते: स्टड आणि एक किरकोळ पोरगा. दोघांना टाकून द्यायचं, की एकालाच पुरायचं? बहीण नखं पाहत थांबली होती. मी पोरग्याचं पान उचललं आणि बूट हिलवर ठेवलं.