तीन हजार कार्षापणांची एफडी

पंधरा दिवस झाले, मला धड झोप नाही. कारण सांगितलं तर हसाल: अर्ज! देणगीचा अर्ज!

आमची संस्था धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं कोयते बांधून ऊसतोडीला निघतात. गावात राहिलेल्या त्यांच्या ३० लेकरांचं हंगामी वसतिगृह आम्ही चालवतो. चालवतो म्हणजे ओढतो. पावतीपुस्तक काखेत मारून कळंबच्या आडतीवर फिरायचं. कुणी ज्वारीचं पोतं देतं, कुणी तेलाचा डबा, कुणी नुसताच चहा. मागायची रीत मला एवढीच माहीत होती.

मग कळलं की घराण्यांचे ट्रस्ट असतात आणि तिथं रीतसर अर्ज करता येतो. बसले लिहायला! चार पानं ‘गरीब’, ‘निराधार’, ‘तळागाळातील’ असे शब्द पेरले आणि शेवटी ‘यथाशक्ती मदत व्हावी’. एका ट्रस्टचं उत्तर आलं, तेही एका ओळीचं: एका मुलामागे दिवसाला खर्च किती? मला रागच आला. दोन दिवसांनी लक्षात आलं की तो आकडा मलाच माहीत नव्हता.

तिथून जे वाचायला लागले! सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. दोराबजींनी आपली जवळपास सगळी मालमत्ता ट्रस्टला दिली आणि त्या पैशातून १९३६मध्ये मुंबईत समाजकार्याची शाळा निघाली. १९४४मध्ये तिचं नाव झालं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. अहो, म्हणजे आपली टिस! तुळजापूरलाही जिचा कॅम्पस आहे ती! भवानीच्या दर्शनाला जाता-येता कितीदा मी तिच्यावरून गेले असेन. एका घराण्याचा पैसा कुठून कुठं आला, आणि मी जगभर शोधत बसले होते!

कंपन्यांचं सीएसआर वेगळं, हेही आत्ताच कळलं. तिथं २०१३च्या कायद्यानं ठरावीक मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात. घराण्याच्या ट्रस्टनं कुठं पैसा घालायचा हे त्याचे विश्वस्त ठरवतात. कागद मात्र दोन्हीकडे लागतात: धर्मादाय कार्यालयातला पीटीआरचा उतारा, आयकराची १२ए, ८०जी नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट. आमची फाईल उघडली तर वरच धान्याच्या हिशेबाची चिठ्ठी.

आणि नाशिक! भाचीच्या साखरपुड्याला गेले नि पांडवलेणी चढले. १०व्या लेण्यातला लेख गाइडनं समजावून सांगितला, आणि मी तिथंच खाली बसले. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान राजाच्या जावयानं, उषवदातानं, ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. त्यातल्या २००० वर महिना शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. पावसाळ्यात तिथं राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. वीस बारं दोनशे चाळीस! एक कार्षापण इकडचं तिकडं नाही! वर हे सगळं निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवलेलं. आमच्या सीएनं हा लेख पाहिला असता तर नमस्कार केला असता.

घरी आल्यावर रात्रीच तक्ता मांडला. ३० मुलं, १८० दिवस, दिवसाला ७० रुपये. ३,७८,०००. ‘यथाशक्ती’ खोडलं. सकाळी स्वयंपाकाच्या मावशींना तो तक्ता एवढ्या तोऱ्यात वाचून दाखवला की काय सांगू. त्यांनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

“आन् ताई, गॅस कुठाय ह्याच्यात?”