शेवटचा डाव

सहलीचा आरंभ कोठून करावा याविषयीं आमच्या घरांत सहसा मतभेद होत नाहीं. मतभेद होतो तो तिचा शेवट कोठें करावा याविषयीं. आरंभीं खिसा भरलेला असतो, पाय ताजे असतात आणि मनांत उदारपणा असतो. शेवटीं वर्गणींतली शिल्लक, प्रत्येकाचें दुखणें आणि प्रत्येकाची राहून गेलेली हौस हीं तिन्हीं एकाच पंक्तीला येऊन बसतात, आणि कोणास आधीं वाढावें हें यजमानाला कळेनासें होतें. गेल्या मार्गशीर्षांत हा प्रसंग माझ्यावर आला. विशेष एवढाच, कीं आमची सहल देवदर्शनाची अथवा लेणीं पाहण्याची नसून गोल्फच्या खेळाची होती.

पेन्शनीवर चालणाऱ्या कुटुंबाला हा साहेबी षोक कोठून जडला, असें कोणी वाचक विचारील. त्याचें उत्तर आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें. ते रेल्वेंत इंजिनियर होते आणि त्यांची उमेदीचीं वर्षें दूरदूरच्या वसाहतींत गेलीं. अशाच एका वसाहतीच्या ओसाड माळावर त्यांनीं हा खेळ उचलला. हिरवळ तेथें कोठची? खळग्याभोंवतीं तेल मिसळून दाबलेल्या वाळूचें वर्तुळ असे, तीच त्यांची हिरवळ. सुटींत त्यांच्याकडे गेलों, कीं मला आणि आमचे चुलतबंधू नाना यांना जुन्या काठ्या देऊन ते माळावर नेत. आतां दादांस शहात्तरावें वर्ष लागलें आहे. पौषांत त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि तिच्यानंतर या खेळाचा नाद सोडावा असें डॉक्टरांनीं त्यांच्या प्रकृतीकडे पाहून बजाविलें होतें. म्हणून ही सहल. आमच्या दिवंगत मधल्या बंधूंचा मुलगा श्रीरंग टोरांटोहून आला होता. त्याच्याबरोबर त्याची तेरा वर्षांची मृणाल होती. दादा, नाना, श्रीरंग, मृणाल आणि मी असे आम्ही पांचजण.

दादांची अट एकच होती : वर्गणी सर्वांची सारखी. श्रीरंगानें पत्रांत सुचविलें होतें, कीं सारा खर्च मीच करतों. दादांनीं उलट लिहिलें, "जो जास्त देतो तो सहल विकत घेतो, आणि मग बाकीचे त्याचे पाहुणे होतात. मला तुमचा पाहुणा व्हावयाचें नाहीं." वर्गणीचा आंकडा दादांच्या पेन्शनीला झेपेल असाच ठरला, आणि हिशेबाची वही आमच्या सौभाग्यवतींच्या हातीं गेली. त्यांच्या वहींतून विनाकारण एक पैही सुटत नाहीं.

पहिला डाव पुण्यास येरवड्याच्या मैदानावर झाला. तेथून आम्ही नाशकास गेलों; खेळण्याकरितां नव्हे, तर दादांचें बिऱ्हाड तेथें म्हणून. सायंकाळीं दादांनीं त्र्यंबक नाक्याजवळचें मैदान मुद्दाम दाखविलें. लोक अजून त्यास 'गोल्फ क्लब' म्हणतात. आज तेथें क्रिकेट चालतें, रणजी सामने झाले आहेत, पहांटे माणसें फिरावयास येतात. आणि मैदानास नांव आहे अनंत कान्हेरे यांचें, ज्यांनीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यास गोळी घातली. साहेबाचा खेळ गेला, साहेबास मारणाऱ्याचें नांव आलें, तरी लोकांच्या तोंडचा 'गोल्फ क्लब' कांहीं गेला नाहीं. दादा हंसून म्हणाले, "नांवें अशींच जिरत नाहींत. गुडघेदुखीसारखीं."

शेवटचा डाव मुंबईस, माझ्या मुलुंडच्या घरीं मुक्काम करून खेळावयाचा होता. आणि येथेंच पेंच पडला.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. सेंट अँड्र्यूज येथें १७६४ सालीं डावाचे २२ खळगे कमी करून १८ केले आणि पुढें तोच आंकडा जगानें मानला. हिंदुस्थानांत तो फार लवकर आला. रॉयल कलकत्ता क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ सालचा. परंतु १८ खळग्यांना शंभर एकरांहून अधिक जमीन लागते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जेथें माणसाला पाठ टेकावयास खोली मिळतांना पंचाईत पडते, तेथें चेंडूसाठीं एवढी जागा कोण मोकळी सोडणार?

तरी रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही एकेक नांव घेऊन पाहिलें. ताडदेवचा विलिंग्डन क्लब १९१८ सालचा. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं तो हिंदी आणि इंग्रज सभासदांस सारखाच खुला ठेविला, ही त्या काळीं मोठीच गोष्ट होती. पण क्लब तो क्लब, आणि तेथें आमच्या ओळखीचें कोणी नाहीं. कुलाब्याचें मैदान समुद्राकांठीं रम्य आहे, पण तें सैन्यदलांतील मंडळींचें. उरलीं दोन. पहिलें चेंबूरचें, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचें. हा क्लब १९२७ सालचा. घाटकोपरास लागूनच, म्हणजे आम्हांस सर्वांत जवळचा. नानांच्या स्नेह्यांपैकीं एक गृहस्थ तेथें सभासद असून पाहुणे म्हणून नेण्यास तयार होते. दुसरें खारघरचें, 'सिडको'नें बांधलेलें. तेथें सभासद असण्याची आवश्यकता नाहीं, शुल्क भरावें आणि खेळावें. मुलुंडाहून ऐरोलीचा पूल ओलांडला, कीं ठाणें-बेलापूर रस्त्यानें सरळ जातां येतें.

सौभाग्यवतींनीं वही उघडली. पांचजणांचें पाहुणेशुल्क, सामान वाहणाऱ्या कॅडींची मजुरी, वर चहाफराळ, असा चेंबूरचा अंदाज काढला तों तो शिलकेच्या बराच पलीकडे गेला. खारघर शिलकेंत बसत होतें.

श्रीरंग म्हणाला, "मोठे काका, वरचे पैसे मी घालतों. तुमचा हा शेवटचा डाव. तो चांगल्या मैदानावर व्हावा असें मला वाटणार नाहीं का?"

त्याच्या बोलण्यांत डौल नव्हता. गळा दाटून आला होता. दादा कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, शेवटचा आहे म्हणूनच म्हणतों. पन्नास वर्षें स्वतःच्या पैशानें खेळलों. शेवटचा डाव उसना कां खेळूं?"

यावर कोणी बोललें नाहीं. सौभाग्यवतींनीं खारघरापुढें खूण केली आणि वही मिटली.

परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांचा गुडघा सुजला. खारघरचें मैदान डोंगरांच्या पायथ्याशीं. आणि १८ खळग्यांचा पुरा डाव म्हणजे सुमारें तीन कोसांची चाल. बसून फिरावयास गाडी मिळेल असें नाना म्हणाले, पण "मैदान पायांनीं मोजलें नाहीं तर तो डाव कसला?" असें म्हणून दादांनीं तें मोडून काढलें. तासभर ते खिडकींतून येऊरच्या डोंगराकडे पाहात बसले. शेवटीं म्हणाले, "खेळणें राहूं दे. चेंबूरचें मैदान बाहेरून तरी पाहूं. आगगाडीनेंच जाऊं."

दुपारीं निघालों. भांडुपच्या पुढें पूर्वेकडे मिठागरें दिसूं लागलीं; उन्हांत त्यांचे चौकोन आरशासारखे लकाकत होते. इतकी मोकळी जमीन पाहून मृणाल विचारूं लागली, कीं येथें कां नाहीं खेळत? कुर्ल्यास गाडी बदलली. कुर्ला-चेंबूर हा रुळमार्ग १९०६ सालीं शहराचा कचरा वाहून नेण्यासाठीं घातला होता, ही माहिती दादांनीं आपल्या नोकरीच्या अभिमानानें पुरविली. चेंबूर त्या वेळीं गांवाबाहेरचें; १९४७ नंतर निर्वासितांच्या वसाहती येथें झाल्या, पुढें तुर्भ्याच्या बाजूस तेलशुद्धीचे कारखाने आले. आज मोनोरेलच्या उंच खांबांखालून रिक्षा जाते, आणि एका बाजूस इमारतींची दाटी असतांना दुसऱ्या बाजूस अकस्मात् झाडें आणि हिरवळ लागते. कुंपणाच्या फटींतून दादांनीं ती हिरवळ पाहिली. एक चेंडू उंच जाऊन पलीकडे उतरला. "वारा डावीकडून आहे," एवढेंच ते म्हणाले.

त्याच वेळीं मागून कोणी बोललें, "आजोबा, बरोबर. या वेळेला नेहमी डावीकडूनच."

वीसबावीस वर्षांचा एक तरुण उभा होता. तो क्लबांत कॅडीचें काम करी. पाळी संपवून घरीं चालला होता. दादांनीं मैदानाची चौकशी केली तेव्हां त्यानें त्यांतले चढउतार घरच्या जिन्याच्या पायऱ्यांसारखे सांगितले. मग दादांच्या पायाकडे पाहून म्हणाला, "खेळायचं असेल तर आमच्या गल्लींत या. तिकडे चालावं लागत नाही."

चेंबूरच्या कॅडींनीं आपल्या वस्तींत स्वतःचा गोल्फ काढला आहे, हें मीं पूर्वीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. पाहिलें त्या दिवशीं. बांधकामाची लोखंडी सळई खालीं वांकवून वर रबरी नळीचा तुकडा चढविला, कीं काठी झाली. चेंडू प्लॅस्टिकचा, तो कोणाची खिडकी फोडीत नाहीं. सार्वजनिक नळाजवळून मारावयाचें, गटार उडवून पलीकडे, पत्र्याच्या उतरत्या छपरावरून चेंडू घरंगळवून एका ओट्याशीं रंगानें काढलेल्या वर्तुळांत आणावयाचा, हा पहिला होल. असे पांच होल होते. कपडे वाळत घातलेल्या दोरीस चेंडू लागला तर एक दंड. म्हातारी भांडीं घासत असेल तर तिचें होईपर्यंत थांबावयाचें. यास मात्र दंड नाहीं.

दादांनीं सळई हातांत घेऊन तोलली. चारसहा मुलें जमलीं. "आजोबा, जरा खालीं धरा," एकानें सांगितलें, आणि ज्यांनीं आम्हांस काठी धरावयास शिकविली त्यांनीं मुकाट्यानें खालीं धरली. आंखूड फटका, त्याला गुडघा वळवावा लागत नाहीं. चेंडू गटारावरून गेला, छपरावर टपटप करीत उतरला आणि वर्तुळापासून हातभर राहिला. गल्लींत ओरड झाली. दादांचा चेहरा मीं कित्येक वर्षांत इतका तरुण पाहिला नव्हता. नानांचा चेंडू गटारांत गेला. माझा कोणाच्या तरी पाण्याच्या पिंपांत. मृणाल मात्र तिसऱ्या होलावर त्या मुलांच्या बरोबरीस आली, तेव्हां एका मुलानें तिला "अदिती" अशी हांक मारली. टोकियोच्या ऑलिंपिकांत २०२१ सालीं अदिती अशोक चौथी आली होती, हें त्या गल्लीला ठाऊक होतें.

खेळ सुरू होण्यापूर्वीं श्रीरंगानें पाकीट काढून पांचशेंची नोट पुढें केली होती. तो तरुण म्हणाला, "साहेब, बॅग उचलायचे पैसे मी मैदानावर घेतों. इथं खेळायचे सगळ्यांचे दहा. जो जिंकेल त्याचे." श्रीरंगानें नोट परत ठेविली आणि दहा रुपये काढले. दादांनीं त्याच्याकडे पाहिलें, पण एक शब्द बोलले नाहींत. बोलण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें.

डाव त्या तरुणानें जिंकला. आमचे पन्नास आणि मुलांचे साठ रुपये त्यानें खिशांत घातले आणि आम्हां सर्वांस चहा पाजला.

गरिबीचें कौतुक करावें म्हणून मी हें लिहीत नाहीं. ज्या मुलांना एका मैदानाचा वारासुद्धां पाठ आहे, त्यांना खेळावयास गटाराकांठची गल्लीच मिळावी, ही कांहीं गंमत नव्हे. इंडियन ओपन ही स्पर्धा १९९१ सालीं जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडीच होता. असे आणखी किती अली शेर सामान वाहण्यांतच संपले असतील कोण जाणे. या उपनगरांत थोड्या पैशांत कोणालाही खेळतां येईल अशी दहावीस एकर जागा निघाली, तर मला तें मिठागरावरच्या नव्या इमारतींहून अधिक आवडेल. परंतु त्या दुपारीं गल्लीनें आम्हांस जें दिलें तें दान नव्हतें, आणि आम्हींही तेथें दान केलें नाहीं, एवढें मात्र खरें.

रात्रीं सौभाग्यवतींनीं वहींत लिहिलें : 'चेंबूर, शेवटचा डाव, रुपये ५०'. खारघरासाठीं राखलेली शिल्लक तशीच होती. तिचे पांच सारखे वांटे झाले आणि ज्याचा त्याला परत मिळाला. दादांनीं आपला वांटा दोनदां मोजला, घडी करून पाकिटांत ठेविला आणि दिवा मालवावयास सांगितलें. त्यांच्या चेहऱ्यावरचें समाधान यजमानाचें होतें, पाहुण्याचें नव्हतें.